ओट्यापुढची फरशी

आमच्या आईच्या स्वयंपाकघरात ओट्यापुढे गोणपाटाचे एक पायपुसणे कायम अंथरलेले असे. केर काढताना ते उचलायचे आणि लगेच तिथेच टाकायचे, असा घरातला अलिखित नियम. दिवाळीच्या साफसफाईत मी ते उचलले आणि नियमाचे कारण कळले. खाली मोझॅकच्या दोन फरश्या खचल्या होत्या, एकीचा कोपरा उडाला होता आणि आई जिथे उभी राहते तिथला भाग पार झिजून गेला होता. ‘‘त्यात काय? माझा पाय सवयीने बरोबर पडतो,’’ आई म्हणाली. पावसाळ्यात याच पायपुसण्याला अडखळून ती पडता पडता वाचली होती, हे मात्र वडिलांकडून कळले.

ठेकेदाराला बोलावले. त्याने उंबऱ्यातूनच नजर टाकली आणि म्हणाला, ‘‘सगळे उखडून नवीन टाइल्स टाका.’’ आकडा ऐकून वडील गप्प झाले आणि आई म्हणाली, ‘‘राहू दे, काही अडले नाही.’’ बहुतेक घरांत हा विषय इथेच संपतो. एक तर सगळे नवे, नाहीतर पायपुसणे! पण या दोहोंच्या मध्ये बरेच काही करता येते.

आधी तपास, मग खर्च

पहिले काम अगदी फुकटातले. एक रुपयाचे नाणे घेऊन प्रत्येक फरशीवर वाजवून पाहा. भरीव आवाज आला तर फरशी घट्ट बसली आहे. पोकळ आवाज आला तर खालचा माल सुटला आहे. अशा फरश्यांवर खडूने खूण करा. मग मोरीपासून दूर तांब्याभर पाणी ओता आणि ते कुठे जाते ते बघा. पाणी नहाणीकडे न जाता एखाद्या कोपऱ्यात साठत असेल, तर दोष उताराचा आहे. खालच्या मजल्यावरच्यांच्या छताला ओल असेल, तर आधी पाइप तपासायला हवा. गळती तशीच ठेवून वर कितीही सुंदर टाइल बसवली, तरी तो पैसा पाण्यात.

आमच्याकडे खडूच्या खुणा झाल्या फक्त सहा. ऐंशी चौरस फुटांच्या खोलीत सहा फरश्या!

झिजली, पण पक्की आहे

मोझॅकची फरशी म्हणजे सिमेंट आणि संगमरवराची बारीक खडी. तिचा वरचा पाच-सहा मिलिमीटरचा थर खास झीज सोसण्यासाठीच असतो. फरशी पक्की असेल तर मशीनने घासून घेता येते. आधी जाड, मग बारीक दगड लावतात आणि मधे सिमेंटची लापी भरून बारीक भोके बुजवतात. घासकामाचा चिखल मात्र मोरीत सोडू देऊ नका. तो आत बसला की पाइप तुंबलाच म्हणून समजा. बादलीत भरून बाहेर टाकायला लावा. पॉलिश आरशासारखे नको, बेताचेच सांगा. ओल्या पायाखाली चकाकी घातकच.

आणि एक कळकळीची विनंती. डाग काढण्यासाठी संडास-बाथरूमचे अ‍ॅसिड मोझॅकवर किंवा शहाबादी फरशीवर ओतू नका. संगमरवर आणि शहाबादी, दोन्ही चुनखडीच्याच जातीचे. अ‍ॅसिड पडताच जो फेस येतो, तो मळाचा नसतो. फरशीच विरघळत असते. साबणाचे कोमट पाणी आणि ब्रश पुरे.

वरून झाकायची असेल तर

फरशी घट्ट आहे, पण रूप फारच गेले आहे, अशा वेळी न उखडता वर टाइल बसवता येते. राडारोडा टाकण्याचा खर्च वाचतो. जुन्या फरशीचा तेलकटपणा काढून, टाचे मारून, टाइल चिकटवायच्या खास मालानेच बसवावी. जमीन साधारण अर्धा इंच वर येते. तेव्हा दार खालून तासावे लागेल का, ट्रॉलीचे खालचे दार अडेल का आणि नहाणीची जाळी उचलावी लागेल का, हे आधीच बघावे. टाइल चकचकीत नको, खरखरीत घ्यावी.

हिशेब घरीच करावा. आठ बाय दहाची खोली म्हणजे 80 चौरस फूट. दहा फुटी भिंतीलगत दोन फूट रुंद ओटा असेल, तर त्याखालचे 20 वगळून उरले 60. दोन बाय दोनच्या 15 टाइल्स. तुटफुटीसाठी दोन जास्त धरा.

सर्वांत स्वस्त म्हणजे व्हिनाइलचे अंथरूण. पण त्याआधी दीड फुटी प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने जमिनीला डकवून एक दिवस ठेवा. आतून थेंब जमले, तर जमिनीत ओल आहे. तिथे व्हिनाइलच्या कडा सुटणार आणि खाली कुबट वास धरणार. गरम तवा त्यावर पडला तर डागही कायमचा.

फ्रिजखालचे धन

आमचा प्रश्न सुटला तो एका म्हाताऱ्या गवंड्यामुळे. खडूच्या खुणा पाहून तो म्हणाला, ‘‘फ्रिज सरकवा.’’ फ्रिजखालच्या आणि कोठीच्या कपाटाखालच्या फरश्या त्याने कडा कापून अलगद उचलल्या. दोन तुटल्या, सहा शाबूत निघाल्या. त्या ओट्यापुढे बसल्या आणि फ्रिजखाली, कपाटाखाली त्याने साधा कोबा केला. एका दिवसाची मजुरी, एक गोणी सिमेंट, थोडी वाळू आणि दरजा भरायला रंग घातलेले पांढरे सिमेंट. एवढाच खर्च.

संध्याकाळी आई ओट्यापुढे येऊन थबकली. फ्रिजखाली इतकी वर्षे झाकून राहिलेल्या त्या फरश्यांवर हिरव्या खडीचे ठिपके ताजे होते. ‘‘अगं, आपली फरशी हिरवी होती, नाही का!’’ ती म्हणाली. मग पायपुसण्याची घडी घालून तिने ते स्वतःच मोरीच्या दाराशी नेऊन टाकले.