व्हिडिओ एडिटिंगचा व्यवसाय : हार्ड डिस्कवर भरवसा किती ठेवावा?

लग्नाचे चित्रण, शाळा-मदरशांचे वार्षिक कार्यक्रम, दुकानांच्या जाहिराती, तकरीरींचे मुद्रण या कामांवर आज आपल्या समाजातील कितीतरी तरुणांची रोजी चालते. एक खोली, एक कॅमेरा, एक संगणक आणि टेबलावर दोन-चार एक्स्टर्नल हार्ड डिस्क एवढ्या भांडवलावर हा धंदा उभा राहतो. कॅमेरा घेताना आपण चार दुकाने फिरतो, जाणत्यांना विचारतो, लेन्स डोळ्यांपाशी धरून पाहतो. हार्ड डिस्क मात्र ‘कमी पैशात किती टीबी?’ एवढेच विचारून घेतली जाते. वास्तविक कॅमेरा ऐनवेळी बिघडला तर दुसरा भाड्याने मिळतो. हार्ड डिस्क बिघडली तर झालेला निकाह पुन्हा लावता येत नाही आणि रुखसतीच्या वेळचे मुलीच्या वडिलांचे अश्रू पुन्हा टिपता येत नाहीत. म्हणून या वस्तूवर किती विसंबावे, हे प्रत्येक व्यावसायिकाने समजून घेणे जरूर आहे.

कॅसेट गेली, मूळ प्रतही गेली

मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणारे नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ हा चित्रपट तयार केला, तेव्हा छोट्या गावातले एडिटिंग म्हणजे दोन व्हीसीआर जोडून एका कॅसेटवरून दुसरीवर उतरवणे असे. त्यात वेळ जाई, चित्राचा दर्जाही घसरे. पण एक गोष्ट आपोआप होत असे. मूळ कॅसेट कपाटात शिल्लक राही. तयार कॅसेटला बुरशी लागली किंवा ती यंत्रात गुंडाळली गेली, तरी मूळ कॅसेटवरून काम पुन्हा करता येई.

आज चित्रण मेमरी कार्डवर होते. कार्ड महाग, म्हणून फाइली डिस्कवर उतरवल्या की कार्ड पुसून दुसऱ्या दिवशी दुसऱ्या लग्नाला न्यायचे, अशी रीत पडली आहे. म्हणजे ज्या क्षणी कार्ड पुसले, त्या क्षणी टेबलावरची ती डिस्क हीच मूळ प्रत झाली. सोय वाढली, चित्र सुधारले. परंतु जुन्या पद्धतीत फुकट मिळणारी सुरक्षितता निघून गेली. ती आता आपल्यालाच विकत घ्यावी लागते.

डबीच्या आत काय असते?

हार्ड डिस्क हे पुष्कळसे यांत्रिक साधन आहे. तिच्या आत धातूच्या किंवा काचेच्या गुळगुळीत तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्या घेत असतात. त्यांच्यावर वाचणारे-लिहिणारे टोक, म्हणजे हेड, काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. माणसाचा केस या अंतराच्या हजारो पट जाड असतो. डिस्क चालू असताना टेबलावरून पडली किंवा जोरात हिसका बसला, तर हेड तबकडीला घासते आणि तेथील नोंद कायमची जाते.

याखेरीज मोटर, विद्युत पट्टी, यूएसबीचा जोड, केबल आणि मोठ्या डिस्कचा अॅडॉप्टर यांपैकी काहीही बिघडू शकते. कित्येकदा आतील माहिती शाबूत असते आणि दोष फक्त केबलचा किंवा अपुऱ्या वीजपुरवठ्याचा असतो. यासाठी डिस्क दिसेनाशी झाली तर प्रथम केबल आणि पोर्ट बदलून पाहावे. मात्र आतून टिकटिक किंवा खरखर ऐकू येत असेल तर तत्काळ बंद करावी. पुन्हा पुन्हा चालू करणे, ठोकणे, फ्रीजरमध्ये ठेवणे किंवा स्वतः उघडणे यामुळे उरलीसुरली आशाही संपते. अशी डिस्क फक्त डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडेच न्यावी.

आकडे काय सांगतात?

अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ साली सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या. कंपन्यांनी छापलेले आयुष्य १० ते १५ लाख तास होते. त्या हिशेबाने वर्षाला शंभरात एकही डिस्क जायला नको होती. प्रत्यक्षात वर्षाला शंभरात दोन ते चार बदलाव्या लागणे ही सर्रास गोष्ट होती, आणि काही ठिकाणी हे प्रमाण १३ पर्यंत गेले होते. त्याच वर्षी गूगलने आपल्याकडील एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असे आढळले की बंद पडलेल्या डिस्कपैकी एक तृतीयांशाहून अधिक डिस्कनी आतील स्वयंतपासणीत आधी कसलाही इशारा दिला नव्हता. म्हणजे डिस्क ‘ठीक’ असल्याचे संगणक सांगतो, यावर झोपी जाता येत नाही.

तिसरे उदाहरण आपल्या कामाच्या अधिक जवळचे आहे. २०११ साली थायलंडमध्ये महापूर आला, तेथील कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर हार्ड डिस्कचे भाव चढले. तेव्हा लोकांच्या फाइली सांभाळण्याचा व्यवसाय करणाऱ्या बॅकब्लेझ या अमेरिकन कंपनीने दुकानांतून एक्स्टर्नल डिस्क विकत आणल्या, त्यांची कवचे काढली आणि आतील डिस्क आपल्या यंत्रांत बसवल्या. यावरून कळते की एक्स्टर्नल डिस्क म्हणजे कवचात ठेवलेली साधी डिस्कच होय. या कंपनीने २०१३ साली सुमारे २५,००० डिस्कचा हिशेब मांडला, तेव्हा चार वर्षांत साधारण पाचातील एक डिस्क बंद पडल्याचे दिसले. पुढील वर्षांत तिचे आकडे सुधारले. पण शून्यावर कधीच आले नाहीत. शिवाय त्या डिस्क थंड खोलीत एका जागी बसलेल्या होत्या. आपली डिस्क पिशवीत फिरते, मोटारसायकलवर हादरते, उन्हाळा आणि वीज जाण्याचे फटके सोसते.

एसएसडी घेतली म्हणजे चिंता मिटली काय?

एसएसडीमध्ये फिरणारा भाग नसतो, म्हणून ती धक्का सोसते आणि वेगही देते. पण बिघडायची वेळ आली की ती बहुधा आवाजही करीत नाही. २०२३ साली सॅनडिस्क कंपनीच्या एक्स्ट्रीम मालिकेतील काही एसएसडींमधून फाइली अचानक नाहीशा होत असल्याच्या तक्रारी अनेक देशांतील छायाचित्रकार व व्हिडिओवाल्यांनी केल्या. कंपनीने त्या वर्षी आतील प्रोग्रॅममध्ये सुधारणा पुरवली आणि अमेरिकेत तिच्यावर दावेही दाखल झाले. नामांकित कंपनी, महाग वस्तू, व्यावसायिकांसाठी म्हणून विकलेली, तरीही हे घडले. तसेच एसएसडी वर्षानुवर्षे विजेशिवाय कपाटात ठेवण्यासाठी योग्य नाही, कारण तिच्यातील नोंद विद्युत भाराच्या रूपात असते आणि तो भार काळाने ओसरू शकतो.

म्हणून कामाची वाटणी करावी. प्रत्यक्ष एडिटिंगसाठी एसएसडी किंवा अॅडॉप्टरवर चालणारी ७,२०० फेऱ्यांची मोठी डिस्क वापरावी. जपून ठेवण्यासाठी साध्या हार्ड डिस्क पुरेशा आहेत. खिशात मावणाऱ्या बऱ्याच डिस्कमध्ये नोंदीचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. मधले कौल बदलायचे तर शेजारची हलवावी लागतात, तसे तेथे एक नोंद बदलताना शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात. अशी डिस्क मोठे काम करताना मंदावते. साठवणीला चालते, एडिटिंगला नाही.

तीन प्रतींचा नियम

पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला एक नियम जगभर मानला जातो: प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि एक प्रत दुसऱ्या जागी. दुसरी जागा का, याचे प्रसिद्ध उदाहरण पिक्सार कंपनीच्या ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचे आहे. १९९८ साली एका चुकीच्या आज्ञेने चित्रपटाच्या बहुतेक फाइली पुसल्या गेल्या आणि कार्यालयातील राखीव प्रतही नीट होत नसल्याचे तेव्हाच ध्यानात आले. तान्हे बाळ असल्याने घरून काम करणाऱ्या गॅलिन सुसमन या तंत्रप्रमुख बाईंच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती, तिने चित्रपट वाचवला. एवढ्या मोठ्या कंपनीला जे घरच्या प्रतीने तारले, ते आपल्याला का तारणार नाही? एक प्रत दुकानात आणि एक घरी, एवढे तर कोणीही करू शकतो. आग, चोरी, पावसाचे पाणी हे दोन्हीकडे एकाच वेळी सहसा येत नाही.

येथे एक गैरसमज दूर करावा. दोन डिस्क एका पेटीत बसवून दोन्हींवर आपोआप लिहिण्याची सोय, जिला रेड म्हणतात, ती राखीव प्रत नव्हे. चुकून फाइल पुसली तर ती दोन्हींवरून एकदम पुसली जाते.

खर्चाचा हिशेब

‘दुप्पट डिस्क परवडत नाही’ असे अनेकजण म्हणतात. हिशेब करून पाहावा. सेकंदाला १०० मेगाबिट या दराने चित्रण केल्यास तासाला ४५ जीबी लागतात. दोन कॅमेरे आठ तास चालले तर ७२० जीबी झाले. म्हणजे चार टीबीच्या डिस्कवर अशी पाच लग्ने बसतात. दुसऱ्या प्रतीचा खर्च दर लग्नामागे डिस्कच्या किमतीचा एक पंचमांश पडतो. एवढी रक्कम बिलात ‘साठवणूक’ या नावाने उघडपणे लावावी. कारण समजावून सांगितले तर गिऱ्हाईक सहसा नाही म्हणत नाही. आणि हेही ध्यानात असू द्यावे की कंपनीची वॉरंटी नवी डिस्क देते, गेलेले चित्रण देत नाही.

रोजच्या कामात पुढील शिस्त पाळावी :

१. दोन डिस्कवर प्रत उतरून ती उघडून पाहिल्याखेरीज कार्ड पुसू नये.

२. नवीन डिस्क आली की प्रथम ती पूर्ण भरून, वाचून पाहावी; दोष असला तर परत करण्याच्या मुदतीतच कळतो.

३. ‘इजेक्ट’ केल्याशिवाय केबल ओढू नये. संगणक आणि मोठी डिस्क यूपीएसवर ठेवावी.

४. प्रत्येक डिस्कवर खरेदीची तारीख लिहावी. तीन-चार वर्षांनंतर तिच्यावर एकमेव प्रत कधीही ठेवू नये.

५. कपाटातील डिस्क काही महिन्यांनी जोडून तपासावी. पावसाळ्यात कोरड्या, बंद डब्यात ठेवावी.

अमानतीचा व्यवहार

देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवावा आणि अमानत ज्याची त्याला सुखरूप पोहोचवावी, ही आपल्या दीनची स्पष्ट शिकवण आहे. ती या धंद्यालाही लागू आहे. ऑर्डर घेतानाच पावतीवर लिहावे की काम सुपूर्द झाल्यावर मूळ चित्रण अमुक महिने सांभाळले जाईल, त्यानंतर जबाबदारी राहणार नाही. हवे असल्यास गिऱ्हाइकाने स्वतःची डिस्क आणून मूळ चित्रण घेऊन जावे. यामुळे पुढील वाद टळतात आणि आपल्या डिस्कही मोकळ्या होतात. त्या चित्रणात घरच्या माय-बहिणी असतात. म्हणून जुनी डिस्क विकताना ती पूर्ण पुसून, पुन्हा भरून मगच द्यावी, आणि बंद पडलेली डिस्क भंगारात टाकण्याआधी तबकड्या फोडाव्यात.

कोणत्या कंपनीची डिस्क घ्यावी, हा प्रश्न सर्वजण विचारतात. चांगल्या कंपनीची, पक्क्या बिलाची जरूर घ्यावी. पण भरवसा कंपनीच्या नावावर नव्हे, दुसऱ्या प्रतीवर ठेवावा. डिस्क आज ना उद्या जाणारच आहे, असे धरून जो धंदा करील, त्याच्याकडचे चित्रण डिस्कबरोबर जाणार नाही, इन्शाअल्लाह.