कायोटी: हाकेला ओ देणारं जनावर
(लेखमाला : रानातल्या हाका, लेखांक सहावा)

गेल्या आठवड्यात आपण पिंजऱ्यातल्या पाळीव तितराच्या आवाजावर रानातला तितर कसा ओढला जातो ते पाहिलं. तिथे कारण एकच होतं. आपल्या हद्दीत दुसरा नर ओरडतोय, हे त्या पक्ष्याला सोसत नाही. आज ज्या जनावराकडे वळायचं आहे ते तीन वेगवेगळ्या कारणांनी हाकेला ओ देतं: भूक, हद्द आणि पिल्लं. कोणत्या महिन्यात यातलं कोणतं कारण बळावतं हे ज्याला उमगलं, त्यालाच या जनावराची शिकार साधते. हे जनावर म्हणजे उत्तर अमेरिकेतला कायोटी.

आपल्या कोल्ह्याहून थोराड, लांडग्याहून बराच लहान, वजन साधारण ९ ते २० किलो. उंदीर, ससे, टोळ, झाडाखाली पडलेली फळं, मेलेलं गुरू, काहीही चालतं. संधी मिळाली तर कोकरूही. एके काळी त्याचा मुलूख मुख्यतः पश्चिमेकडची गवताळ आणि कोरडी रानं एवढाच होता. माणसांनी लांडगे मारले, जंगलं तोडून शेती केली, आणि मोकळ्या झालेल्या जागेतून कायोटी पूर्वेला थेट अटलांटिक किनाऱ्यापर्यंत पोचला. आज हवाई सोडलं तर अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात तो आहे.

त्याची शिकार समजून घ्यायची तर कॅन्सस-नेब्रास्काकडचं शिवार डोळ्यांपुढे आणायला हवं. १७८५ च्या कायद्याने तिथली जमीन मैल-मैलाच्या चौकोनांत मोजली गेली. एका चौकोनात ६४० एकर, आणि बऱ्याच ठिकाणी चौकोनाच्या कडेने कच्चा रस्ता. मका काढून झाला की नजर पोचेल तिथवर नुसती धसकटं. मध्येच एखादा ओढा, त्याच्या काठाला झुडपं, आणि कुठे कुठे झाडांच्या सरळ रांगा. या रांगांना इतिहास आहे. १९३० च्या दशकात धुळीच्या वादळांनी तिथली माती उडून जाऊ लागली, तेव्हा रूझवेल्ट सरकारने वारा अडवण्यासाठी सुमारे २२ कोटी झाडं लावून घेतली. माती धरून ठेवायला लावलेल्या याच झाडीत कायोटी दिवसा पडून राहतो आणि तिच्याच आडोशाने शेतातून ये-जा करतो.

हिवाळ्यातल्या पहाटे शिकारी येतो तो शेतमालकाची परवानगी आधीच घेऊन. गाडी चढाच्या मागे, दिसणार नाही अशी लावायची. दार आपटायचं नाही. वाऱ्याला सामोरं चालत जायचं आणि एखाद्या झुडपाला पाठ लावून बसायचं, म्हणजे माणसाची आकृती आभाळावर उठून दिसत नाही. सूर्य पाठीमागे असला तर उत्तम. पण या सगळ्यापेक्षा वारा मोठा. कायोटी कानांनी आवाजाची जागा नेमकी हेरतो, डोळ्यांनी ती पडताळतो, पण शेवटचा भरवसा ठेवतो तो नाकावर. म्हणून तो बहुतेक वेळा सरळ येत नाही. वळसा घालून आवाजाच्या खालच्या अंगाला, म्हणजे वारा जिकडे वाहतोय तिकडे जातो आणि वास घेतो. तिथे माणसाचा वास लागला की खेळ संपला. जाणता शिकारी हे टाळायला बघत नाही, उलट ते होणारच असं धरून चालतो. वाऱ्याखालची बाजू मोकळी, नजरेच्या टप्प्यातली असेल अशीच जागा तो निवडतो. नवखा माणूस दाट झाडीकडे तोंड करून बसतो आणि कायोटी त्याच्या पाठीमागून वास घेऊन निघूनही गेलेला असतो.

आता आवाज. त्यासाठीचं साधन हातात मावणारी एक पिपाणीच. एका प्रकारात पत्ती आत बंद असते. फुंकर मारली की ठरलेला आवाज येतो, शिकायला सोपा. दुसऱ्या प्रकारात प्लॅस्टिकची पातळ पत्ती तोंडाकडच्या खोबणीवर उघडी बसवलेली असते. तिच्यावर दात किंवा ओठ टेकवून फुंकायचं. दाब टोकाकडे सरकवला की आवाज चिरका होतो, मागे घेतला की जाड. दुसऱ्या हाताची ओंजळ पुढे धरून ती उघडायची, मिटायची. एकाच पिपाणीतून सशाची किंकाळी, कुत्र्याच्या पिल्लासारखं केकाटणं आणि कायोटीची लांब कुई असं सगळं निघतं, पण त्याला रियाज लागतो. पकडला गेलेला ससा एका सुरात ओरडत नाही. त्याचा आवाज फाटतो, दम लागून तुटतो, क्षीण होतो, पुन्हा उसळतो. हे तुटणं ज्याला जमलं त्याची किंकाळी खरी वाटते. सुरुवात नेहमी हळू करायची, कारण कायोटी शंभर पावलांवरच्या ओघळीतही पडलेला असू शकतो. मग थोडं थांबून आवाज वाढवायचा आणि पंधरा-वीस मिनिटं न हलता बसायचं.

या विद्येचा बाजारात प्रसार केला तो टेक्सासच्या बर्नहॅम बंधूंनी. विसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांच्या पिपाण्या देशभर विकल्या जाऊ लागल्या. टेक्सासमधल्याच वेको गावच्या जॉनी स्टुअर्टने जनावरांचे खरे आवाज ध्वनिमुद्रित करून तबकड्या काढल्या. तबकडीनंतर कॅसेट आली, आणि आता दूरनियंत्रकावर चालणारा, शेकडो आवाज साठवणारा डिजिटल भोंगा. काही ठिकाणी विजेवर चालणाऱ्या आवाजांवर निर्बंध आहेत, पण भोंग्याचा मोठा फायदा नाकारता येत नाही: आवाज शिकाऱ्यापासून दूर नेता येतो.

फसव्या आमिषाचं काम इथे सुरू होतं. आवाजाच्या रोखाने आलेला कायोटी मोकळ्यात थबकतो आणि बघतो. ससा ओरडतोय, मग दिसत का नाही? तिथे काहीच नसेल तर त्याची नजर भिरभिरत शिकाऱ्यावर येते. म्हणून शिकाऱ्यापासून तीस-चाळीस पावलांवर, वाऱ्याला आडव्या रेषेत भोंगा ठेवतात आणि त्याच्याशेजारी छोट्या मोटरवर डुलणारी तार, तारेच्या टोकाला केसाळ झुपका. सशासारखं हुबेहूब काही लागत नाही. कुत्र्याच्या जातकुळीतल्या जनावरांना निळा-पिवळा फरक कळतो, लाल-हिरवा नीट कळत नाही. हालचाल मात्र लगेच टिपली जाते. तार हलते, झुपका थरथरतो, आणि कायोटीची नजर तिथे खिळते. एवढ्या अवधीत बंदूक खांद्याला लागते. धावता कायोटी थांबवायचा असेल तर शिकारी तोंडानेच एकदा भुंकतो. क्षणभर जनावर थबकतं.

भूक हे कारण वर्षभर चालतं, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सर्वांत जास्त. त्या वर्षी जन्मलेली पोरं तेव्हा आईबापांपासून वेगळी होतात. उपाशी आणि अननुभवी असतात, किंकाळी ऐकली की धावतच येतात. जानेवारी-फेब्रुवारीत माजाचा काळ. तेव्हा परक्या कायोटीची कुई ऐकली की जोडी हद्द राखायला बाहेर पडते, आणि सशाच्या झुपक्याऐवजी कायोटीच्या आकाराचा पुतळा उपयोगी पडतो. गर्भ सुमारे ६३ दिवसांचा. एप्रिल-मेमध्ये पिल्लं होतात. त्यानंतर पिल्लाचं केकाटणं ऐकवलं की आईबाप थांबत नाहीत. काही जण या दिवसांत शिकवलेला कुत्रा वापरतात. कुत्रा बिळाजवळ जातो, कायोटी त्याला पिटाळत येतात आणि कुत्रा त्यांना मालकाच्या बंदुकीपर्यंत आणून सोडतो.

शेतकऱ्याला यातून काय मिळतं? माझ्या मते या विषयाचा गाभा इथेच आहे. १९७५ मध्ये कॉनॉली आणि लाँगहर्स्ट या कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी गणिती प्रारूप मांडून दाखवलं की दर वर्षी तीन-चतुर्थांश कायोटी मारले तरी ती जात पन्नासेक वर्षं तग धरेल. संख्या घटली की उरलेल्यांना अन्न जास्त मिळतं, माद्यांना पिल्लं जास्त होतात आणि त्यांतली जास्त जगतात. म्हणजे बंदुकीने मुलखातले कायोटी कमी करू, हा हिशेब चुकतो. दुसरीकडे कॅलिफोर्नियातल्याच हॉपलंड संशोधन केंद्रात मेंढ्यांच्या कुरणावर झालेल्या अभ्यासात दिसलं की मेंढ्या मारणारे मुख्यतः हद्द राखून असलेल्या जोडीतले प्रौढ कायोटी असतात. पिल्लांचं पोट भरायचं म्हणून ते मोठ्या भक्ष्याकडे वळतात.

आता शरद ऋतूतली शिकार आठवा. हाकेवर धावत येतात ती पोरं. कोकरं नेणारी जुनी जोडी यात सापडत नाही, आणि एखादी गोळी चुकली तर ती त्या किंकाळीला पुन्हा सहजी भुलतही नाही. म्हणून ज्या कुरणात खरोखर कोकरं जातायत तिथे, कोकरांच्या हंगामाच्या तोंडावर, त्या हद्दीतल्या जोडीला हद्दीच्याच हाकेवर बोलावून मारणं याला शेतकऱ्याच्या दृष्टीने अर्थ आहे. एरवी जमेल तितके मारण्याने राखण होत नाही. सर्वांत जास्त कायोटी मारणाऱ्याला बक्षीस देणाऱ्या स्पर्धा तर मला सर्वस्वी गैर वाटतात. कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये अशा बक्षिसांवर बंदी घातली आणि नंतर आणखी राज्यांनी तेच केलं, हे योग्यच झालं.

ओळख चुकण्याचा धोकाही आहे. उत्तर कॅरोलायनाच्या पूर्वेकडच्या पाच परगण्यांत अतिशय दुर्मीळ लाल लांडगा उरला आहे. कायोटी समजून त्याला गोळ्या घातल्या गेल्या, म्हणून २०१४ मध्ये न्यायालयाला तिथल्या कायोटीच्या शिकारीत हस्तक्षेप करावा लागला.

हे वाचून कुणी पिपाणी घेऊन आपल्या शिवारात उतरू नये. आपल्याकडे कोल्हा आणि लांडगा दोघांनाही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे आणि त्यांना बोलावून मारणं हा गुन्हा आहे. मेंढरं राखायचे दुसरे मार्ग आहेत. त्यांतला सर्वांत जुना, मेंढरांच्या कळपातच लहानाचा मोठा केलेला राखणीचा कुत्रा, पुढच्या आठवड्यात.