उद्याची घरं : लेखांक 6
भिंतीचा कोपरा कोण बांधतो?

30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जन करून लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवरची गावं नुकतीच निजली होती. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला आणि किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं भुईसपाट झाली. सरकारी नोंदीनुसार जवळपास 8 हजार माणसं गेली. भूकंपाची तीव्रता सहाच्या थोडी वर होती. एवढ्या भूकंपात इतकी माणसं दगावण्याचं मोठं कारण घरांच्या भिंतींमध्ये होतं.

या भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाड. जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत, असं कुणालाही वाटेल. पण ती एकसंध नव्हती. बाहेरून दगडांचा एक थर, आतून दुसरा, आणि मध्ये चिपा अन् मातीची भर. दोन्ही थरांना जोडणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड क्वचितच घातलेला असे. जमीन हलली की मधली भर खाली बसते आणि दोन्ही थरांना बाहेर रेटते. भिंतीला पोट येतं आणि ती फुटते. वरती माळवद. उन्हाळ्यात घर गार राहावं म्हणून त्यावर वर्षानुवर्षं चढवलेला मातीचा जाड थर. भूकंपाचा जोर वजनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जेवढं छत जड तेवढा धक्का मोठा. कित्येक घरांत लाकडी खांब आणि तुळया उभ्या राहिल्या, पण भिंती माणसांवर कोसळल्या.

गवंड्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. त्यांच्या आज्यानं बांधलेली घरं टिकली होती, शिवारात काळा दगड फुकट होता, आणि चुना-सिमेंट परवडणारं नव्हतं. शिवाय देशाच्या नकाशावरही हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या क्षेत्रात होता. 1967 मध्ये कोयनेला हादरा बसला, तरी मराठवाड्याबद्दलची समजूत बदलली नव्हती. 2002 च्या सुधारित मानकात पहिलं क्षेत्रच रद्द झालं. भारतात भूकंपाचा अजिबात विचार न करता घर बांधावं अशी जागा उरली नाही, हे त्यातून मान्य झालं.

भूकंपानंतर 52 गावं नव्या जागी हलवली गेली. जमीन किती यावरून घर मिळालं : 250, 400 किंवा 750 चौरस फूट. सरळ रस्ते, एका मापाचे प्लॉट, काँक्रीटचा वापर. ती घरं जुन्यांपेक्षा कितीतरी सुरक्षित आहेत आणि ही मोठी कमाई आहे. पण वास्तुरचनेच्या बाजूनं मला ही संधी हुकल्यासारखी वाटते. गुरं कुठं बांधायची, कडबा कुठं रचायचा, म्हाताऱ्यांनी कुठं बसायचं, या प्रश्नांची उत्तरं शहरातल्या कॉलनीच्या नकाशात नव्हती. मग लोकांनी आपापल्या सोयीनं पत्र्याच्या खोल्या आणि आडोसे जोडले. घर वापरणाऱ्याला न विचारता काढलेला नकाशा पुढं लोकच खोडून दुरुस्त करतात, आणि त्या दुरुस्तीत सुरक्षितता राहीलच असं नाही.

त्यामानानं कमी गाजलेलं दुसरं काम मला जास्त मोलाचं वाटतं. दीड लाखाहून अधिक घरं जागेवरच दुरुस्त आणि मजबूत करायची होती, तीही मालकांनी स्वतः लक्ष घालून. इथं इंजिनिअरांचं ज्ञान गवंड्याच्या थापीपर्यंत पोचवावं लागलं. माळवदावरची माती कमी करायची. खांब आणि तुळईच्या सांध्याला तिरका आधार द्यायचा. भिंतीत ठराविक अंतरावर आरपार भोक पाडून त्यात सळई आणि काँक्रीट भरायचं. दारं-खिडक्यांच्या वर घराला सगळीकडून पट्टा बांधायचा. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते ना, तसं काम हा पट्टा करतो. चारही भिंती एकत्र हलतात, सुट्या सुट्या होऊन कोसळत नाहीत. गावोगावी बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं गेलं. अनुदान कसं मिळतं, काम कसं तपासायचं, हे त्या घराघरांत जाऊन सांगत. ज्या बाईला पट्टा का हवा ते कळलं, तिच्यासमोर गवंड्याला तो गाळता येत नाही.

या पट्ट्याचा सगळा जीव कोपऱ्यात असतो. दोन भिंतींच्या सळया कोपऱ्यात येऊन नुसत्या थांबल्या, तर पट्टा तिथंच उकलतो. सळई वळून पुढच्या भिंतीत हातभर गेली पाहिजे. काम पाच मिनिटांचं, पण प्लास्टर झाल्यावर ते कुणालाच दिसत नाही.

स्लॅबच्या इमारतींत हीच गोष्ट कॉलमच्या रिंगमध्ये, म्हणजे उभ्या सळयांना वेढणाऱ्या कड्यात घडते. आयएस 13920 हे मानक 1993 सालचंच. रिंगचं टोक काटकोनात सोडू नका, 135 अंशांत वळवून काँक्रीटच्या गाभ्यात घाला, असं ते सांगतं. कारण हादऱ्यात कॉलमवरचं कवच गळून पडतं आणि काटकोनातली रिंग उघडते. मग उभ्या सळया बाहेर फुगतात आणि कॉलम बसतो. सळई जास्त वाकवायला फिटरला वेळ लागतो, म्हणून साइटवर काटकोनच चालवून घेतला जातो.

26 जानेवारी 2001 ला भूजचा भूकंप झाला, तेव्हा दोनशे किलोमीटरहून दूर अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या अनेकांचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा होता. वर विटांच्या भिंतींनी ताठ झालेले मजले, खाली नुसते कॉलम. गाड्यांसाठी जागा सोडण्याचा निर्णय आर्किटेक्ट आणि बिल्डरचा. तेवढा मजला जास्त ताकदीचा करण्याची जबाबदारी इंजिनिअरची. आणि कॉलममध्ये खरोखर तितक्या रिंगा पडल्या का, हे ठरतं फिटरच्या हातात. चौघांतला एक चुकला, तर उरलेल्या तिघांची मेहनत पाण्यात जाते.

म्हणून यंदा घर बांधायला काढणार असाल तर एक करा. कॉलम भरण्याच्या आदल्या संध्याकाळी, सेंट्रिंगच्या फळ्या लागण्याआधी, तुमच्या इंजिनिअरला घेऊन साइटवर जा. रिंगांची टोकं आत वळली आहेत का, कॉलम-बीमच्या सांध्याजवळ रिंगा जवळ-जवळ आहेत का, ते स्वतः बघा. नसतील तर काम थांबवा. एका दिवसाची मजुरी बुडेल, तेवढी बुडू द्या.