ताण सोसणारा टाका

टॉप शिवायचा म्हणजे कापड कापलं, शिलाई मारली, झालं! साध्या शर्टाच्या कापडाला हे चालेलही, त्यात उभे-आडवे धागे विणलेले असतात. टी-शर्टच्या होजिअरीत मात्र धाग्याचे फासे एकमेकांत अडकवलेले. ओढलं की फासे आकार बदलतात, म्हणून कापड ताणलं जातं.

होजिअरीसाठीच्या विकतच्या कागदी पॅटर्नच्या पाकिटावर बहुधा एक पट्टी छापलेली असते. ती बघितल्याशिवाय कापड घेऊच नका! आडवं १० सें.मी. कापड फार जोर न लावता खुणेपर्यंत पोचलं पाहिजे. १३.५ पर्यंत गेलं तर स्ट्रेन ३५ टक्के (एस.ओ.एम. इथेही पाठ सोडत नाही). हा ताण पॅटर्नने आधीच धरलेला असतो; ९० सें.मी. छातीसाठी अंगाबरोबरचा टॉप ८५चासुद्धा असू शकतो.

खरी गंमत शिलाईत आहे. कापड ताणतं, सरळ टाका ताणत नाही. डोकं घालताना गळ्याशी 'टच्' झालं की समजा, दोरा गेला! उपाय म्हणजे अरुंद झिगझॅग. वाकड्या वाटेत जास्त दोरा मुरतो, ताण आला की तो सरळ होतो. घरच्या जुन्या काळ्या मशीनवर झिगझॅग नसतो. तिथे मी टाका बारीक करतो, पॉलिएस्टर दोरा घालतो आणि कापड किंचित ताणूनच शिवतो. सुई गोल टोकाची, बॉलपॉइंट. टोकदार सुईने फासा तुटला की भोक पसरत जातं. गळ्याची पट्टी घेरापेक्षा थोडी आखूड कापायची, नाहीतर गळा लोंबतो. खांद्याच्या शिलाईत मात्र न ताणणारी फीत घाला. बाह्यांचं वजन तिथेच येतं.