उचल : माणसाला बांधून ठेवणारा ॲडव्हान्स

"छोटू, दोन कटिंग!"

संत तुकाराम नगरात राहणाऱ्या प्रत्येक हॉस्टेलाइटने हे वाक्य कधी ना कधी म्हटलेलं असतं. मीसुद्धा म्हटलंय. फर्स्ट इयरला आम्ही ज्या खासगी मेसमध्ये जेवायचो तिथे एक छोटू होता. वय असेल बारा-तेरा. ताटं उचलायचा, टेबल पुसायचा आणि आमच्या ड्रॉइंग शीट्स दिसल्या की लांब उभा राहून बघत बसायचा. दिवाळीला हॉस्टेल रिकामं व्हायला लागलं तेव्हा मी सहज विचारलं, "काय रे, तू कधी जाणार गावाला?"

तो म्हणाला, "जूनला. बाबांनी उचल घेतलीय ना, ताई."

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. माझं मराठी घरापुरतं. 'उचल' म्हणजे काहीतरी उचलायचं, एवढंच मला कळलं! माझी रूममेट बीड जिल्ह्यातली. तिने समजावून सांगितलं की उचल म्हणजे ॲडव्हान्स. काम सुरू व्हायच्या आधी मुकादम घरी येऊन पैसे देतो आणि ते फिटेपर्यंत त्याच्याकडेच राबायचं. "आमच्याकडे ऊसतोडीला जाणारे सगळे घेतात," ती म्हणाली. मी "अच्छा" म्हटलं आणि सबमिशनच्या मागे लागले.

मित्रमैत्रिणींनो, हा लेख त्या एका शब्दाबद्दल आहे.

तस्करी म्हणजे नक्की काय?

मानवी तस्करी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? सिनेमातली काळी व्हॅन, तोंडावर रुमाल, नाहीतर पुण्यातली बुधवार पेठ. देहविक्रयासाठी मुलींची तस्करी होते हे खरंच आहे आणि त्याविरुद्ध १९५६ पासून वेगळा कायदाही आहे. पण तस्करीची व्याख्या याहून खूप मोठी आहे.

संयुक्त राष्ट्रांनी २००० साली याबाबत एक करार केला (भारताने तो २०११ मध्ये मान्य केला). त्यात तस्करीचे तीन भाग सांगितलेत. पहिला भाग कृती : माणसाला भरती करणे, नेणे, ठेवून घेणे. दुसरा भाग मार्ग : जबरदस्ती, फसवणूक किंवा त्याच्या अगतिकतेचा फायदा घेणे. तिसरा भाग हेतू : त्याचं शोषण करणे. मोठ्या माणसाच्या बाबतीत तिन्ही भाग लागतात. मूल असेल तर मधला भाग सिद्ध करायची गरजच नाही, कारण मुलाच्या 'हो'ला अर्थ नसतो.

दुसऱ्या भागातला 'अगतिकतेचा फायदा' हा शब्द नीट वाचा. म्हणजे व्हॅन लागत नाही, दोरी लागत नाही. समोरच्याची चूल विझलेली असली की पुरतं.

थोडं गणित करूया

आपण इंजिनियर लोक, आकड्यांशिवाय आपल्याला पटत नाही. म्हणून एक उदाहरण घेऊ. आकडे फक्त समजण्यासाठी धरलेले आहेत.

समजा वीटभट्टीवर एक नवरा-बायको कामाला आले. पावसाळा संपल्यावर यायचं, पुढच्या पावसाच्या आत परत जायचं. उचल घेतली ५०,००० रुपये. हजार विटांना ८०० रुपये दर ठरला. दोघं मिळून दिवसाला हजार विटा पाडतात. सुट्ट्या, आजारपण, अवकाळी पाऊस वगळून १२० दिवस काम झालं. कमाई झाली ९६,००० रुपये. पण रोज खायला तर लागतं! त्यासाठी मालक आठवड्याला खर्ची देतो, समजा २,००० रुपये. २६ आठवड्यांचे झाले ५२,०००. उरले ४४,०००. मध्येच पोराच्या दवाखान्याचे ४,००० गेले. आता हातात ४०,००० आणि डोक्यावर उचल ५०,००० ची.

सहा महिने दोघांनी चिखल तुडवला आणि शेवटी मालकाचे १०,००० रुपये देणं निघालं! ते फेडायला पुढच्या हंगामात परत यायचं. येताना घरी काही नाही म्हणून नवीन उचल घ्यायची. वही मालकाच्या हातात. त्यातला हिशोब वाचता येत नसेल तर १०,००० चे २०,००० व्हायला कितीसा वेळ लागतो?

इथे कोणी म्हणेल की कर्ज तर आपणही घेतो. माझंही एज्युकेशन लोन आहे. मग फरक काय? मी यावर बराच विचार केला. मला कर्ज देणारी बँक वेगळी आणि उद्या नोकरी देणारी कंपनी वेगळी. बँकेला हप्ता मिळाल्याशी मतलब. मी कुठे काम करायचं, किती पगारावर करायचं, हे बँक ठरवत नाही. उचलीमध्ये मात्र कर्ज देणारा, काम देणारा, मजुरी ठरवणारा आणि हिशोब लिहिणारा माणूस एकच असतो. आणि तो म्हणतो, फिटेपर्यंत दुसरीकडे जायचं नाही. उचल देणारा प्रत्येक मुकादम गुन्हेगार असतो असं मी म्हणत नाही. पण जिथे 'जायचं नाही' हे वाक्य सुरू होतं, तिथे ॲडव्हान्स संपतो आणि वेठबिगारी सुरू होते.

कायदा काय म्हणतो?

आपल्या राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने माणसांचा अपव्यापार आणि वेठबिगारी या दोन्हींना मनाई केली आहे. १९७६ साली वेठबिगार पद्धतीविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला. त्याची एक गोष्ट मला फार आवडली. वेठबिगाराचं कर्ज त्या कायद्याने रद्दच होतं. ते फेडायचं नसतं. आणि मजूर 'मी वेठबिगार आहे' म्हणाला, तर तो तसा नाही हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर असते.

१९८२ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकालही प्रसिद्ध आहे. दिल्लीत एशियाडची बांधकामं चालू होती आणि तिथल्या मजुरांना किमान वेतनही मिळत नव्हतं. त्यावर न्यायालयाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणं ही वेठबिगारीच आहे. मजुरावर कोणी काठी उगारली नसली तरी परिस्थितीची, भुकेची सक्ती हीसुद्धा सक्तीच आहे. 'तो स्वतःच्या मर्जीने आला होता' हे आपलं नेहमीचं उत्तर न्यायालयाने तेव्हाच खोडून काढलंय!

मानवी तस्करी हा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये आहे (१ जुलै २०२४ च्या आधी तो भारतीय दंड विधानाच्या कलम ३७० मध्ये होता). शिक्षा सात ते दहा वर्षे. बळी अल्पवयीन असेल तर कमीत कमी दहा वर्षे, जास्तीत जास्त जन्मठेप. 'त्याची संमती होती' हा बचाव इथे चालत नाही.

हे सगळं आपल्याच महाराष्ट्रात

ठाणे जिल्ह्यात पूर्वी 'लग्नगडी' असायचे. आदिवासी तरुण लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचा आणि त्या बदल्यात वर्षानुवर्षे त्याच्याकडे गडी म्हणून राबायचा. १९८० च्या दशकात वसई तालुक्यात विवेक पंडित आणि विद्युल्लता पंडित यांनी श्रमजीवी संघटनेतर्फे अशा वेठबिगारांना सोडवायला सुरुवात केली. १९९९ साली लंडनच्या अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनलने त्यांना पुरस्कार दिला.

वाटतं ना की ही जुनी गोष्ट झाली? मग २०२२ चं ऐका. नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यात कातकरी कुटुंबांतली लहान मुलं काही पैसे आणि एखादी मेंढी एवढ्या मोबदल्यात मेंढ्या राखायला पाठवली जात होती. त्यातली एक दहा वर्षांची मुलगी सप्टेंबर २०२२ मध्ये मरण पावली, तेव्हा प्रकरण बाहेर आलं. शोध घेतल्यावर अशी आणखी मुलं सापडली. कातकऱ्यांच्या बहुतेक घरांकडे जमीन नाही, पावसाळ्यात काम नाही. आईबापांना दोष देण्याआधी हेही लक्षात घ्यायला हवं.

आणि आपला हा पट्टा? पिंपरी, भोसरी, तळवडे, चाकण. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-ओडिशातून रोज माणसं इथे कामाच्या शोधात येतात. वल्लभनगर स्टँडवर पहाटे उतरणाऱ्या मुलांकडे बघा. एक सॅक, एक पिशवी आणि मोबाईलमध्ये कुठल्यातरी 'भैया'चा नंबर. बहुतेकांना खरंच काम मिळतं आणि ते घरी पैसे पाठवतात. पण ज्याला इथे कोणी ओळखीचं नाही, परतीच्या तिकिटाला पैसे नाहीत आणि ज्याचं आधार कार्ड ठेकेदाराने 'ठेवून घेतलंय', तो कधी अडकेल सांगता येत नाही.

आपण इंजिनियर, आपल्याला काय?

हाच माझाही समज होता. पण सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने एक इशारा दिला. थायलंडमध्ये डिजिटल मार्केटिंगची नोकरी, भरपूर पगार, राहणं-जेवण फुकट, अशी जाहिरात दाखवून आयटी शिकलेल्या तरुणांना नेलं जात होतं. तिथून बेकायदेशीरपणे म्यानमारची सरहद्द ओलांडायला लावायचे आणि कोंडून ठेवून लोकांना ऑनलाइन फसवण्याचं काम करून घ्यायचे. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत अशा ठिकाणांहून सुटलेल्या ५४९ भारतीयांना परत आणलं.

ही मुलं अडाणी नव्हती. त्यांना इंग्लिश यायचं, कॉम्प्युटर यायचा. नव्हती ती नोकरी. घरी लोनचा हप्ता आणि 'प्लेसमेंट झालं का?' हा नातेवाइकांचा प्रश्न... आपल्यातल्या कितीजणांची हीच स्थिती असते! अगतिकता फक्त उपाशी माणसालाच असते असं नाही.

मग करायचं काय?

नोकरीसाठी आधी पैसे मागितले किंवा ओरिजिनल मार्कशीट जमा करा म्हणाले, तर सरळ उठून या. परदेशातली नोकरी असेल तर एजंट सरकारच्या ई-मायग्रेट वेबसाइटवर नोंदलेला आहे का ते बघा. टुरिस्ट व्हिसावर नोकरी नसते, हे पाठच करून ठेवा.

दुसऱ्यासाठी करायचं तर नंबर सोपे आहेत. लहान मूल असेल तर १०९८. बाईमाणूस अडचणीत असेल तर १८१. तातडी असेल तर ११२. वेठबिगारीची तक्रार जिल्हाधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे करता येते. सुटका झालेल्या पुरुषाला एक लाख, स्त्री किंवा मुलाला दोन लाख आणि फार गंभीर प्रकरणात तीन लाख रुपयांपर्यंत पुनर्वसनाची मदत देणारी केंद्र सरकारची योजनाही आहे. मात्र स्वतः हिरो बनून मालकाशी भांडायला जाऊ नका. त्याने सावध होऊन मुलालाच हलवलं तर काय?

चौदा वर्षांखालच्या मुलाला मेसमध्ये कामाला ठेवणं हा गुन्हा आहे. सहा महिने ते दोन वर्षे कैद किंवा २०,००० ते ५०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. हे मला आज माहीत आहे. तेव्हा माहीत नव्हतं.

आमच्या छोटूचं पुढे काय झालं? सेकंड सेमिस्टरच्या ओरल्स संपवून मी मेसमध्ये गेले तर तो नव्हता. विचारलं तर उत्तर आलं, "पाठवला दुसरीकडे." कुठे, ते कोणी सांगितलं नाही. त्याचं खरं नाव काय हे मी वर्षभरात एकदाही विचारलं नव्हतं. त्यामुळे नंतर शोधायचं तरी कोणाला?

म्हणून या लेखाच्या शेवटी तुमच्याकडे एकच मागणं आहे. आज चहाला जाल तेव्हा समोरच्या छोटूला आधी त्याचं नाव विचारा. मग गाव विचारा. मग सहज विचारा, "घरी कधी जाणार?"

उत्तरात 'उचल' हा शब्द आला, तर कप खाली ठेवा आणि १०९८ फिरवा. सबमिशन नंतर होईल.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी (मुलींचे वसतिगृह)