प्रथम कथन आणि त्याची नोंद : अत्याचारपीडित स्त्रियांच्या साहाय्यसेवेतील भाषाव्यवहार

लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रीला साहाय्य करणे म्हणजे वैद्यकीय उपचार, पोलिसांकडील तक्रार आणि न्यायालयातील पाठपुरावा, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु या तिन्हींच्या आधी एक भाषिक घटना घडते : ती स्त्री कोणाला तरी काही सांगते आणि ऐकणारी व्यक्ती ते टिपून घेते. पुढील कार्यवाही बव्हंशी या कथनावर उभी राहते. म्हणून या सेवेचा विचार भाषाभ्यासकांनीही करणे अगत्याचे आहे.

प्रथम संज्ञांचा विचार करणे योग्य ठरेल. ‘बलात्कार’ या शब्दाच्या पोटी ‘बलात्’, म्हणजे बळाने, हे पद आहे. ‘विनयभंग’ या शब्दात भंग पावतो तो स्त्रीचा विनय. ‘तिची अब्रू गेली’ या रूढ प्रयोगात गमावणारी तीच. अपराध करणारा वाक्यातून नाहीसा झालेला असतो. एका शब्दात बळ, दुसऱ्यात शील. कायद्याला आज मुख्यत्वे अभिप्रेत आहे तो संमतीचा अभाव मात्र यांपैकी एकाही शब्दातून व्यक्त होत नाही.

हा भेद केवळ व्युत्पत्तीपुरता नाही, हे ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यावरून दिसते. १९७२ साली तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचे हे प्रकरण. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये आरोपी पोलिसांना निर्दोष ठरविले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने भयापोटी निमूट राहणे म्हणजे संमती नव्हे, असे मानून त्यांना शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगावर जखमा नसल्याचा आधार घेऊन ती रद्द केली. उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार विधिअध्यापकांनी १९७९ मध्ये लिहिलेल्या अनावृत पत्राने शरण जाणे आणि संमती देणे यांतील अंतर देशापुढे मांडले. १९८३ मध्ये कायदा बदलला. आणि शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती गृहीत धरता येणार नाही, हे २०१३ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले. व्याख्या बदलली, शब्द तोच राहिला. त्यामुळे ‘जखम कोठे आहे?’ हा प्रश्न लोकव्यवहारात अद्याप उरला आहे.

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील विंझरसारख्या गावात प्रथम ऐकणारी व्यक्ती प्रशिक्षित समुपदेशकच असेल असे नाही. ती आशा, अंगणवाडीताई किंवा परिचारिकाही असू शकते. सांगणारी स्त्री ‘त्यानं जबरदस्ती केली’ म्हणेल, किंवा ‘तो माझ्याशी वाईट वागला’ एवढेच म्हणून थांबेल. या दुसऱ्या वाक्याची नोंद ‘छेड काढली’ अशी केली तर अपराध लहान होतो. तिने न उच्चारलेला ‘बलात्कार’ हा शब्द घातला, तर पुढील जबाबाशी तो न जुळल्यास उलटतपासणीत विसंगती म्हणून पुढे येतो. उपाय एकच : तिचे शब्द तिच्याच बोलीत, जसेच्या तसे लिहावेत. बालकांच्या बाबतीत २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम २६ ने जबाब बालक बोलेल तसाच नोंदविणे बंधनकारक केले आहे.

प्रश्नांचेही असेच आहे. ‘ओरडली का नाहीस?’ या प्रश्नात ‘ओरडायला हवे होते’ हे गृहीतक दडलेले आहे. ‘मग काय झालं?’ यात तसे काही नाही. पहिल्याने दोष ऐकणारीच्या पदरी पडतो, दुसऱ्याने कथन पुढे सरकते. उपचार विनामूल्य मिळण्याचा तिला हक्क आहे आणि त्यासाठी आधी तक्रार नोंदविलेली असणे आवश्यक नाही, हेही तिला तिच्या भाषेत सांगणे हा साहाय्याचाच भाग होय. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महानगरपालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी कौटुंबिक हिंसेने पीडित स्त्रियांसाठी २००१ मध्ये सुरू केलेल्या ‘दिलासा’ केंद्राने समुपदेशन रुग्णालयातच उपलब्ध करून दिले. अशा सेवेत ऐकणे हेच काम मानले जाते.

मावळातील स्त्रिया शरीरासाठी, भयासाठी आणि नकारासाठी कोणते शब्द वापरतात, यांचा संग्रह विद्यार्थ्यांनी केल्यास तो कोशापुरता राहणार नाही. नोंद करणाऱ्या परिचारिकेलाही त्याचा उपयोग होईल. मात्र असा संग्रह पीडितांना प्रश्न विचारून नव्हे, तर सर्वसामान्य बोलण्यातून व्हावा.