कोडला धूर असतो का?

माझं माहेर धारचं आणि सासर देवासचं. नोकरी सॉफ्टवेअरमधली, पण काम घरूनच चालतं. बाबांची सगळी नोकरी पीथमपूरच्या कारखान्यात गेली. मागच्या दिवाळीत ते देवासला आले होते. माझ्या टेबलाशी उभे राहून म्हणाले, "तुझं काम बरं गं. ना धूर, ना धूळ, ना आवाज."

मी हसून "हो ना" म्हटलं. पण त्याच आठवड्यात एक छोटीशी गोष्ट घडली आणि ते "हो ना" मला खटकायला लागलं.

फावल्या वेळात मी एका ओपन सोर्स प्रकल्पाला हातभार लावते. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांसाठी खुला असतो, कुणीही वाचावा, सुधारावा, वापरावा. आपल्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी असलेलं लिनक्स असंच जगभरच्या माणसांनी मिळून घडवलेलं आहे. त्या दिवशी मी प्रकल्पाच्या माहितीपानावर एका शब्दाचं चुकलेलं स्पेलिंग दुरुस्त केलं. बदल एका अक्षराचा होता. तो पाठवताच कुठल्यातरी डेटा सेंटरमधली बारा यंत्रं जागी झाली आणि अर्धा तास संपूर्ण सॉफ्टवेअरच्या चाचण्या घेत बसली. कोडला मी हातही लावला नव्हता!

प्रत्येक बदलानंतर अशा चाचण्या आपोआप होतात आणि ते चांगलंच आहे, त्यामुळेच सॉफ्टवेअर भरवशाचं राहतं. पण एका अक्षरासाठी बारा यंत्रं? मी कागद-पेन घेऊन बसले.

हिशेब कसा मांडायचा?

आपल्या धार जिल्ह्यात पीथमपूरला नॅट्रॅक्स आहे. गाड्यांच्या चाचणीसाठी तिथे ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला. गाडी बाजारात येण्याआधी तिची कसून परीक्षा होते. सॉफ्टवेअरला असं मोजमाप फार उशिरा मिळालं. २०२१ मध्येच ग्रीन सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था स्थापन झाली. तिने तयार केलेली मोजण्याची पद्धत २०२४ मध्ये आयएसओचं आंतरराष्ट्रीय मानक झाली.

सूत्र सोपं आहे. सॉफ्टवेअरने किती वीज खाल्ली ते पाहायचं. त्या विजेच्या एका युनिटमागे किती कार्बन हवेत गेला त्याने गुणायचं. यंत्र बनवताना झालेल्या कार्बनचा वाटा त्यात मिळवायचा. आलेल्या बेरजेला कामाच्या एककाने भागायचं, म्हणजे दर वापरकर्त्यामागे किंवा दर चाचणीमागे किती, ते कळतं. गाडीचं मायलेज काढतो तसंच हे. आणि यात एक कडक अट आहे: कुठेतरी झाडं लावून आकडा कमी करून घेता येत नाही. काम करण्याची पद्धतच सुधारावी लागते.

आता माझा हिशेब. भारतात एका युनिट विजेमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, कारण आपली बरीच वीज अजून कोळशाची आहे. लॅपटॉप आणि स्क्रीन मिळून ५० वॉट धरले, तर आठ तासांचं काम म्हणजे ०.४ युनिट, म्हणजेच जेमतेम पाव किलोहून थोडं जास्त.

धार ते देवास साधारण १०० किलोमीटर. लिटरला १८ किलोमीटर देणारी पेट्रोलची गाडी एका खेपेत १२-१३ किलो कार्बन सोडते. म्हणजे एकदा माहेरी जाणं हे माझ्या दीड महिन्याच्या लॅपटॉपच्या विजेइतकं! इथपर्यंत बाबांचं म्हणणं खरंच वाटलं.

मग चाचण्यांकडे वळले. एका यंत्राला ३० वॉट धरले, तर बारा यंत्रं अर्ध्या तासात ०.१८ युनिट वीज घेतात. दिसायला किरकोळ. पण दिवसाला असे १०० बदल आले तर १८ युनिट होतात आणि वीज आपल्यासारखीच असेल तर १२-१३ किलो कार्बन. म्हणजे रोज कुणीतरी धारहून देवासला रिकामी गाडी पळवावी तसं. हे अंदाजाचे आकडे आहेत, प्रत्येक प्रकल्पाचे वेगळे येतील. पण मोजलं नाही तर हेही कळणार नाही.

सगळ्यांचं म्हणजे कुणाचं?

कंपनीत निदान विजेचं बिल येतं, मग कुणीतरी विचारतं. ओपन सोर्समध्ये एक जण देवासला, दुसरा बर्लिनला, तिसरा आणखी कुठे. चाचणीची यंत्रं बहुतेक वेळा फुकट मिळालेली. बिल कुणालाच दिसत नाही, म्हणून प्रश्नही कुणी विचारत नाही.

देवासकरांना ही गोष्ट नवी नाही. जमिनीखालचं पाणी असंच सगळ्यांचं होतं. ज्याने त्याने बोअर खोदले, दरवर्षी आणखी खोल, मोजलं कुणीच नाही. १९९० मध्ये शहराला रेल्वेने पाणी आणावं लागलं. घरातली मोठी माणसं अजून त्या दिवसांबद्दल सांगतात. पुढे २००६ मध्ये इथे जिल्हाधिकारी असलेल्या उमाकांत उमराव यांनी शेतकऱ्यांना पाण्याचा हिशेब पटवून दिला आणि जिल्ह्यात हजारो शेततळी झाली. त्यांना 'रेवासागर' हे नाव मिळालं. प्रत्येकाने आपल्या बांधापासून सुरुवात केली.

सॉफ्टवेअरमध्येही अशी सुरुवात झाली आहे. केडीई या ओपन सोर्स समूहाने संगणकाला वीजमापक जोडला, माणूस रोज करतो तीच कामं त्याच्याकडून करवून घेतली आणि वीज मोजली. त्यांच्या 'ओक्युलर' या पीडीएफ वाचण्याच्या प्रोग्रामला २०२२ मध्ये जर्मनीचं 'ब्लू एंजल' हे पर्यावरणचिन्ह मिळालं. हा मान मिळवणारं ते जगातलं पहिलं सॉफ्टवेअर. सॉफ्टवेअर जुन्या संगणकावरही चाललं पाहिजे, ही त्या चिन्हाची एक अट आहे.

ही अट महत्त्वाची का? एक लॅपटॉप बनतानाच साधारण २०० ते ३०० किलो कार्बन खर्ची पडतो. माझ्या वरच्या हिशेबाने ती जवळजवळ साडेतीन वर्षांच्या कामाची वीज झाली. म्हणजे लॅपटॉप दोन-तीन वर्षं जास्त वापरणं हीच मोठी बचत.

मग मी काय केलं?

प्रकल्प सांभाळणाऱ्यांना हिशेब पाठवला आणि सोबत दोन ओळींचा बदल: फक्त माहितीपान बदललं असेल तर चाचण्या चालवू नयेत. आधी थोडी खळखळ झाली, 'एखादी चूक निसटली तर?' असं विचारलं गेलं. चर्चेनंतर तो बदल स्वीकारला गेला. माझ्या आजवरच्या कामात कदाचित हाच सर्वांत उपयोगी असेल.

आपल्या मंडळातली बरीच मुलं इंदूर, पुणे, बंगळुरूला याच क्षेत्रात आहेत. त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की आपल्या प्रकल्पात रात्रंदिवस काय चालू असतं, ते एकदा मोजून बघा. पायथॉनमध्ये काम करत असाल तर 'कोडकार्बन' हे खुलं साधन हाताशी आहे. आणि जे या क्षेत्रात नाहीत त्यांनी जुना लॅपटॉप भंगारात देण्याआधी त्यावर लिनक्स टाकून पाहावं. विंडोज १० चा नेहमीचा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपल्यापासून कितीतरी धडधाकट यंत्रं अडगळीत पडली आहेत.

बाबांचाही तसाच एक लॅपटॉप होता. मागच्या खेपेला धारला जाऊन त्यावर लिनक्स बसवून दिलं. आता ते त्यावर सकाळी वर्तमानपत्र वाचतात. परवा फोनवर विचारत होते, "याची वीज किती जाते गं? मोजलीस का?"

पुढच्या खेपेला वीजमापक घेऊन जाणार आहे.